अठरा नंबर

आमच्या गावाच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या वाचनालयात एक मीटिंग रूम आहे. आधी नाव नोंदवलं तर कुणालाही दोन तास फुकट मिळते. जमिनीवर करडं कार्पेट, छताला भोकाभोकांच्या टाइल्स, कोपऱ्यात एक छोटा फ्रीज, जो दर वीस मिनिटांनी घरघरतो आणि थांबतो. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी सवयीने एकदा टाळी वाजवली. तो आवाज विरायला सुमारे अर्धा सेकंद लागला. मी श्रवणयंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि कुठल्याही खोलीत शिरले की आधी हे करते.

"झाली तुझी पूजा?" शैलजामावशी म्हणाली. "मग खुर्च्या लाव."

खुर्च्या म्हणजे बस. दोन-दोनच्या रांगा, मधे चालायला वाट, पुढे पडदा. शैलजामावशी माझ्या आईची बहीण. पुण्याच्या एका टूर कंपनीत ती बावीस वर्षं टूर मॅनेजर होती. वर्षातून दोनदा, चेरी फुलताना आणि पानं लाल होताना, ती मराठी माणसांना जपान दाखवून आणायची. आता ती शहात्तर वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी होत चाललाय. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, त्याच्या कडेचं सगळं दिसतं. तरी ऑक्टोबरपासून दर शनिवारी दुपारी दोन वाजता ती आपल्या जुन्या फोटोंवरून टूर काढत होती. येणारे सगळे कुणाचे तरी आई-वडील. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले, इथे गाडी चालवता न येणारे. बाहेर बर्फ, मुलं कॉलवर.

"आता लाल कमानी सुरू झाल्या," मावशी म्हणायची. "उंच माणसांनी डोकं सांभाळा." आणि तिसऱ्या रांगेतले कुणीतरी खरंच मान खाली घालायचे.

"मॅडम, बस जरा थांबवा," नागपूरचे कृष्णाकाका म्हणायचे. "पाय मोकळे करतो."

"पुढचा थांबा वीस मिनिटांवर आहे, कृष्णराव. तिथलं टॉयलेट स्वच्छ आहे आणि सीट गरम आहे."

"गरम सीटसाठी इतक्या लांब? आमच्या नागपुरात मे महिन्यात फुकट मिळते."

ठाण्याच्या रुपालीकाकू दर वेळी घरून वड्या करून आणायच्या. त्या मधल्या वाटेतून डबा फिरायचा आणि पडद्यावर सोनेरी देऊळ तळ्यात उलटं दिसत असायचं. मावशीला फोटो दिसत नव्हते. क्रम पाठ होता. मी बटण दाबलं की ती बोलायला लागायची, आणि कधी चुकली नाही.

प्रत्येक थांब्यानंतर नंबर व्हायचे. मराठी टूरमध्ये गेलेल्यांना हे माहीत असेल. पहिल्या दिवशी प्रत्येकाला नंबर मिळतो आणि बस सुटण्याआधी एकापासून सगळ्यांनी आपापला नंबर ओरडायचा. शेवटी टूर लीडर म्हणणार, "आणि मी." मग गाडी सुटणार. मावशीचा नियम कडक होता. नंबर ज्याचा त्यानेच सांगायचा. रुपालीकाकू एकदा बाहेर फोनवर होत्या आणि शेजारणीने त्यांचाही नंबर सांगून टाकला, तर मावशीने त्या परत येईपर्यंत पुढचा फोटो दाखवू दिला नाही.

आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं. आम्ही दोघी घराबाहेर पडायचो तेव्हाही ती कुलूप हातात धरून विचारायची, "नंबर?" मी म्हणायची, "एक." ती म्हणायची, "आणि मी." मग कुलूप लागायचं. आजही आमच्यात ते चालतं.

नोव्हेंबरपर्यंत आमच्या बसमध्ये सतरा जण झाले. सतरा नंबर कृष्णाकाकांचा. त्यानंतर वैदेही नावाच्या मुलीची आई यायला लागली. तिला मावशीने एकोणीस नंबर दिला.

"अठरा राहिला," मी हळूच म्हणाले.

"राहिला नाही," मावशी म्हणाली. "ठेवलाय."

कृष्णाकाकांच्या शेजारची, भिंतीकडची खुर्ची रिकामी राहू लागली. नंबर घेताना सतरानंतर मावशी थांबायची. साधारण दोन सेकंद. मग मान हलवायची, आणि वैदेहीची आई म्हणायची, "एकोणीस."

कुणी काही विचारलं नाही. वय झालेली माणसं एकमेकांच्या रिकाम्या जागांबद्दल विचारत नाहीत.

विचारलं ते सिद्धेशने. सिद्धेश मावशीचा मुलगा, कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असतो. त्याच्या कुणा मित्राचे वडील आमच्या बसमध्ये होते.

"आशू, ती कुणासाठी तरी सीट ठेवते म्हणे. शी इज काउंटिंग पीपल हू आर नॉट देअर, यार."

"तिची स्मरणशक्ती तुझ्यापेक्षा चांगली आहे."

"मग रेकॉर्ड करून पाठव. डॉक्टरांना ऐकवू. इथे एक मेमरी केअर होम बघून ठेवलंय. मार्च एंडला मी येतो आणि तिला घेऊन जातो. तू एकटी किती करणार?"

तो वाईट मुलगा नाही. त्याला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग केलं.

घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं. पंधरा. सोळा. सतरा. मग शांतता, मग एकोणीस. शांततेत काहीतरी होतं. मी आवाज वाढवला. एका बाईचा आवाज, फार लांबून, संकोचाने: अठरा.

पहिला विचार असा की शेजारच्या खोलीतून आला असेल. दुसरा असा की फोनने जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा मिसळला असेल. दोन्ही तपासता येण्यासारखं होतं. प्रत्येक खोली आपल्यातल्या आवाजाला एक छोटं शेपूट लावते. शब्द संपला तरी तो भिंतींवरून जरासा रेंगाळतो. बाकीच्या अठरा जणांच्या आवाजांना त्या खोलीचं अर्ध्या सेकंदाचं शेपूट होतं. या आवाजाला काहीच नव्हतं. बंद खोलीत कुणी बोललं तर असं होत नाही. शेजारच्या खोलीतून आलं तर शेपूट वाढतं, कमी होत नाही. असा आवाज फक्त मोकळ्यावर येतो, आजूबाजूला भिंतच नसेल तर.

पुढच्या शनिवारी मी प्रयोगशाळेतला रेकॉर्डर आणि दोन मायक्रोफोन नेले. दोन मायक्रोफोन असले की आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं. अठरा पुन्हा आला. पडद्याच्या बाजूने. पडद्यामागे बाहेरची भिंत आहे, भिंतीपलीकडे पार्किंग.

त्याच दिवशी मी आवरत असताना कृष्णाकाका माझ्यापाशी आले. त्यांना दोन्ही कानांना यंत्र आहे. आमच्याच प्रयोगशाळेत तपासलेलं मॉडेल.

"पोरी, मला एक सांग. माझ्या शेजारच्या बाई फार हळू बोलतात. हे मशीन थोडं वाढवता येईल का?"

"कुठल्या बाई, काका?"

त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जाऊ दे," ते म्हणाले. "माझंच काहीतरी असेल."

खुर्चीच्या पाठीला हात लावला तर ती गार होती. खोलीतल्या बाकीच्या सगळ्या खुर्च्या माणसांच्या अंगाने कोमट झाल्या होत्या. पलीकडे रुपालीकाकू डबा पुसत होत्या. "मी वीस वड्या मोजून आणते," त्या म्हणत होत्या. "अठरा आपण सगळे, एक मॅडम, एक आश्लेषा. तरी कुणीतरी दोन घेतंच. घ्या बाई, पण सांगून घ्या."

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी घरी जाताना मी गाडीतच मावशीला सांगितलं. रूट नाइनवर गर्दी होती, वायपर चालू होते.

"तुला तो आवाज ऐकू येतो?" मी विचारलं.

"मला कधी आला नाही," ती म्हणाली. "तुला आला?"

"रेकॉर्डिंगमध्ये."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "कसा आहे?"

"लाजरा."

"प्रतिमाताईच त्या," मावशी म्हणाली.

मग तिने सांगितलं. सतरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. बत्तीस जणांचा ग्रुप. साताऱ्याचे विष्णुपंत आणि त्यांच्या पत्नी प्रतिमाताई. त्यांचा सतरा, ताईंचा अठरा. ताईंना चारचौघांत मोठ्याने बोलायला संकोच वाटायचा, म्हणून पहिल्या दिवसापासून विष्णुपंतच एका दमात म्हणायचे, सतराअठरा. सगळे हसायचे. मावशीही हसायची. नववा थांबा डोंगरातलं एक देऊळ होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांची उंच झाडं, शेवाळ चढलेले दगडी दिवे. दुपारी तीनला धुकं उतरलं आणि पाऊस आला. सगळे धावत बसमध्ये चढले. टूर लीडरने शेवटी चढायचं असतं. मावशी त्या दिवशी आधी चढली, कारण तिचे कपडे भिजत होते. विष्णुपंत पुढच्या सीटवर चष्मा पुसत होते. त्यांना वाटलं, पत्नी मागे मैत्रिणींत बसली आहे. सवयीने म्हणाले, सतराअठरा.

"चाळीस मिनिटांनी कळलं," मावशी म्हणाली. "चार दिवस शोधलं. पोलीस, कुत्री, गावातली माणसं. छत्रीसुद्धा सापडली नाही."

"विष्णुपंत?"

"मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं." वायपर दोनदा फिरले. "आशू, सिद्धेश मला नेणार आहे ना महिनाअखेरीला? त्याआधी मला बाईंना गाडीत बसवायचंय. बाकी तो म्हणेल तिथे मी राहीन."

मी तिला आकडे सांगितले. एवढंच मला देता येण्यासारखं होतं. आवाज दर आठवड्याला सहा डेसिबलने वाढत होता. अंतर निम्मं झालं की आवाज तितका वाढतो. म्हणजे जे कुणी होतं ते दर आठवड्याला उरलेल्या वाटेतली निम्मी चालून येत होतं.

"म्हणजे पोचतील," मावशी म्हणाली.

"नाही. निम्मं, मग त्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. गणिताने कधीच पोचणार नाहीत."

मावशीने काचेवरचा पाण्याचा ओघळ बोटाने आतून पुसला, जणू तो आतल्या बाजूला होता.

"मग उरलेलं आपण चालायचं," ती म्हणाली.

सिद्धेशला मी रेकॉर्डिंग पाठवलं नाही. मावशी मोजण्यात चुकत होती हे दाखवायला ते हवं होतं, आणि त्यात ती चुकत नव्हती.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी अठराच्या अठरा जण वेळेवर आले. सिद्धेशचं विमान रात्री उतरणार होतं. मावशीने टूरची निळी साडी नेसली होती. तिने मला एक फोटो जुन्या पाकिटातून काढून क्रमात लावायला दिला होता, जो आम्ही कधीच दाखवला नव्हता. बसच्या दारातून घेतलेला. ओल्या पायऱ्या, झाडांचे बुंधे, धुकं. माणूस नाही.

"हा आपला नववा थांबा," मावशी म्हणाली. "ही झाडं आहेत ना, त्यांना तिकडे सुगी म्हणतात. आपली सुगी चार दिवसांची, त्यांची हजार वर्षं उभी." कुणीतरी हसलं. "इथे आपल्या एक बाई राहिल्या आहेत. माझ्याकडून राहिल्या. त्यांना घेऊन मग परत जाऊ."

फ्रीज घरघरत होता.

"घेऊनच जाऊ, मॅडम," कृष्णाकाका म्हणाले. "घाई कुणाला आहे? जावई चारला येतो न्यायला."

"नंबर आज आश्लेषा घेईल," मावशी म्हणाली. "मी खाली उतरतेय."

ती पडद्याकडे चालू लागली. सहा पावलांचं अंतर. एक हात पुढे, चाचपडत. प्रोजेक्टरचा प्रकाश तिच्या अंगावर आला आणि फोटोतल्या पायऱ्या तिच्या पाठीवर पडल्या. ती भिंतीपाशी जाऊन थांबली. तोंड भिंतीकडे. मान किंचित वळवलेली, कडेने बघायला वळवते तशी.

"नंबर," मी म्हणाले.

एक. दोन. तीन. कुणाचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. रुपालीकाकूंनी आपला नऊ देवासमोर म्हणावा तसा म्हटला.

पंधरा. सोळा.

"सतरा," कृष्णाकाका म्हणाले.

फ्रीज थांबला.

ओल्या लाकडाचा वास आला. कुणीतरी स्वेटर ओढून घेतला.

मावशीने उजवा हात कोपरात वाकवून बाजूला धरला. म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरताना आधार द्यायला धरतात तसा.

मी घड्याळाकडे पाहत होते. दोन सेकंद झाले. पाच झाले. नऊ.

कृष्णाकाकांनी गुडघे आत घेतले. आतल्या सीटकडे कुणी जाताना आपण घेतो, तेवढेच.

खुर्ची वाजली.

"अठरा," एक बाई म्हणाली.

हे मी रेकॉर्डिंगवरून सांगत नाही. सगळ्यांनी ऐकलं. मी त्या खुर्चीकडे पाहिलं नाही, आणि मला वाटतं, कुणीच पाहिलं नाही. भीतीने नव्हे. त्या लाजऱ्या होत्या.

"एकोणीस," वैदेहीची आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

भिंतीपाशी उभी असलेली मावशी म्हणाली, "आणि मी." मग माझ्याकडे वळली. "सोड गाडी."

मी बटण दाबलं. पायऱ्या गेल्या आणि पुढच्या फोटोत क्योटोचं स्टेशन आलं, ऊन पडलेलं.

कृष्णाकाकांनी वडीचा डबा आपल्या शेजारच्या खुर्चीपुढे धरला, जरासा थांबले आणि पुढे दिला.

त्या रात्री सिद्धेश आला. मावशीने त्याच्या कपाळाला हात लावून केस विरळ झाल्याची चौकशी केली, आठवणीने त्याच्या आवडीची आमटी करायला लावली, आणि जेवताना त्याच्या शाळेतल्या तीन मास्तरांच्या नकला केल्या. तो हसून हसून थकला. भांडी घासताना मला म्हणाला, "आशू, ती तर एकदम फाइन आहे."

"मी सांगितलं होतं."

"महिनाभर थांबतो मी इथेच. वर्क फ्रॉम होम. मग ठरवू. काही घाई नाही."

मावशी सलग नऊ तास झोपली. मला आठवतं तेव्हापासून ती इतकी कधी झोपली नव्हती.

रविवारी दुपारी मी वरच्या खोलीत कालचं रेकॉर्डिंग घेऊन हेडफोन लावून बसले. खरं तर ऐकायची गरज नव्हती. पण मोजलं नाही तर मला कुठलीही गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही.

अठरा तिथे होता. स्पष्ट, जवळ. आणि त्याला शेपूट होतं. अर्धा सेकंद, कार्पेट, टाइल्स, बाकीच्यांसारखंच. बाई आत आल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी तो तुकडा तीनदा ऐकला, आणि म्हणून रेकॉर्डिंग पुढे चालत राहिलं.

एकोणीस. शेपूट.

आणि मी. शेपूट नव्हतं.

सोड गाडी. शेपूट नव्हतं.

मी मायक्रोफोनची जोडणी तपासली. दुसरा मायक्रोफोन तपासला. संगणक बंद करून पुन्हा लावला. मग हेडफोन काढून ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

"आश्लेषा," मावशीने खालून हाक मारली. "चहा निवतोय."

आमचा जिना लाकडी आहे आणि वर छत उंच आहे. तिथून कुणीही हाक मारली तरी ती वर येईपर्यंत थोडी घुमते. सिद्धेशची घुमते. माझी घुमते. मी पंधरा वर्षं आवाज ऐकण्याचं काम करते आहे.

"आले," मी म्हणाले. माझा आवाज जिन्यात घुमला.

सोमवारी सकाळी मी कामावर जायला निघाले तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. सिद्धेश अजून उठला नव्हता. माझ्या पिशवीत आवाज मोजायचा मीटर होता. मी तो साखरेच्या डब्यामागे उभा केला. तिला तो दिसला नसता, आणि कडेने दिसला असता तरी ती काही बोलली नसती. रविवारी संध्याकाळीही मी तो तिथेच ठेवला होता. ती त्याच खुर्चीत, मी त्याच खुर्चीत.

"डबा घेतलास?" ती म्हणाली.

"घेतला."

"मग नंबर?"

"एक," मी म्हणाले.

"आणि मी," ती हसून म्हणाली. मला तिचा चेहरा नीट दिसत होता. ती हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर होती.

मीटरने कालच्यापेक्षा सहा डेसिबल कमी दाखवले, म्हणजे अंतर दुप्पट.

मी मीटर बंद केला, कामावर फोन करून सुट्टी सांगितली आणि माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.